तापत्या कोब्याची वाटचाल

खोलीतली हवा तापवण्याऐवजी पायाखालची जमीन तापवायची आणि तिच्या उबेवर हिवाळा काढायचा, ही पद्धत आज थंड देशांत सर्वमान्य झाली आहे. काँक्रीटच्या कोब्यात बोटभर जाडीच्या नळ्या वेटोळ्यांनी पुरलेल्या असतात, त्यांतून कोमट पाणी फिरते आणि जमिनीचा सारा पृष्ठभाग मंद ऊब देत राहतो. कोरियात ही सोय घरोघरी आहे. जर्मनी, स्वित्झर्लंड, स्वीडन या देशांत नव्या घराचा आराखडा करताना तिचा विचार आधी होतो. भिंतीला यंत्र लागत नाही, पंख्याचा आवाज येत नाही, धूळ उडत नाही. वसईच्या किनाऱ्याला, माणिकपूरसारख्या गावात, ऊब हवीशी वाटण्याची पाळी वर्षातल्या मोजक्या पहाटेच येते. तरीही या पद्धतीची वाटचाल इथल्या वाचकाने पाहावी अशी आहे. कारण भारतात अलीकडे तिने थंडावा देणारे जे रूप घेतले, ते उकाड्याच्या प्रदेशासाठीच आहे.

पश्चिमेकडे ती रोमन स्नानगृहांत बहरली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या सर्जियस ओराटा या गृहस्थाला रोमन लेखक तिचे श्रेय देतात. हा मूळचा कालवांची शेती करून श्रीमंत झालेला माणूस. विट्रुव्हियस या वास्तुविशारदाने आपल्या ग्रंथात तिची कृती बारकाईने दिली आहे: विटांचे दोन फूट उंचीचे खांब, त्यांवर मोठ्या विटांचा थर, त्यावर जाड जमीन, आणि खालच्या पोकळीतून भट्टीची गरम हवा. पोकळीचा तळ भट्टीच्या दिशेने इतका उतरता ठेवावा, की आत टाकलेला चेंडू घरंगळत पुन्हा भट्टीच्या तोंडाशी यावा, असा त्याचा दंडक होता. चुन्यात विटांचा चुरा मिसळून ठोकून बसवलेली रोमन जमीन आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतल्या, धुमसाने चोपलेल्या कोब्याच्या जातकुळीचीच. भट्ट्या धगधगत ठेवण्याचे काम गुलामांच्या माथी होते, हेही नोंदवले पाहिजे. साम्राज्य कोसळल्यावर पश्चिम युरोपात ही विद्या मागे पडली. पूर्वेकडच्या हमामांनी मात्र ती जपली आणि इराण, मध्य आशियामार्गे ती हिंदुस्थानात आली. काश्मिरातल्या मशिदींत आणि जुन्या घरांत दगडी फरशीखाली लाकूड जाळून तापवलेली हमामची खोली आजही वापरात आहे.

कोरियाची परंपरा याहून वेगळी, आणि तुटक न होता चालत आलेली. तिथे स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर शेजारच्या खोलीच्या दगडी जमिनीखालून खेळवून पलीकडच्या धुराड्याने बाहेर सोडत. भात शिजे आणि त्याच सरपणावर झोपण्याची जागाही तापे. या रचनेचे नाव ओंडोल. विसाव्या शतकात लाकडाऐवजी कोळशाच्या वड्या आल्या, आणि तिथे या परंपरेने आपला सर्वांत कठीण काळ पाहिला. जमिनीला भेग गेली की कार्बन मोनॉक्साइड वायू झोपलेल्या माणसांच्या खोलीत शिरे. त्यात अनेक कुटुंबे दगावली. कोरियाने यावर ओंडोल सोडून दिली नाही. आग जमिनीखालून काढून बॉयलरमध्ये नेली आणि जमिनीत गरम पाण्याच्या नळ्या घातल्या. आज तिथल्या उंच इमारतींतले बहुतेक फ्लॅट याच रीतीने तापतात. ओंडोलची संस्कृती २०१८ मध्ये कोरियाने आपला राष्ट्रीय अमूर्त वारसा म्हणून जाहीर केली.

काँक्रीट आणि पाण्याची नळी यांची गाठ इंग्लंडमध्ये पडली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आर्थर बार्कर या इंग्रज अभियंत्याच्या ध्यानात आले, की बारीक नळ्या गिलाव्यात किंवा काँक्रीटमध्ये पुरून त्यांतून गरम पाणी फिरवले, तर नळीची उष्णता आजूबाजूच्या सगळ्या थरात पसरते. त्याने पेटंट घेतले. रिचर्ड क्रिटॉल कंपनीने ते व्यवहारात आणले, आणि दोन महायुद्धांमधल्या काळात ब्रिटनच्या मोठ्या इमारतींत ही पद्धत रुजली. इथे एक योगायोग उपयोगी पडला. तापल्यावर पोलाद आणि काँक्रीट जवळजवळ सारख्या प्रमाणात प्रसरण पावतात. सळईचे काँक्रीट ज्या कारणाने टिकते, त्याच कारणाने त्यात पुरलेली लोखंडी नळीही टिकू शकली.

अमेरिकेतला अध्याय फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाच्या नावाने सुरू होतो. टोकियोत इंपीरियल हॉटेलचे काम मिळाले त्या काळात बॅरन ओकुरा यांच्या घरी त्याला जेवणाचे आमंत्रण होते. जेवणघर इतके गार, की त्याला घास गिळवेना. जेवणानंतर यजमानाने पाहुण्यांना खालच्या एका ‘कोरियन खोली’त नेले. शेगडी दिसेना, तरी अंग उबदार झाले. जमिनीखालून गरम हवा फिरते आहे हे कळल्यावर राइटने हॉटेलच्या न्हाणीघरांच्या जमिनीखाली विजेची तापक उपकरणे बसवून घेतली. पुढे रेसीन इथल्या जॉन्सन कंपनीच्या कचेरीत आणि १९३७ मध्ये मॅडिसन शहरातल्या हर्बर्ट जेकब्स या पत्रकाराच्या छोट्या घरात त्याने जमिनीखाली नळ्या घातल्या. जेकब्स यांच्या घराचा सारा खर्च वास्तुविशारदाच्या मानधनासह ५,५०० डॉलर होता. त्यात पूर्ण तळघर नव्हते आणि भिंतींना लागून रेडिएटर नव्हते. विस्कॉन्सिनचा हिवाळा शून्याच्या पुष्कळ खाली जातो. तिथे एका मध्यमवर्गीय कुटुंबाच्या बजेटात हा प्रयोग बसवणे हीच खरी कामगिरी. राजवाडे, बँका आणि स्नानगृहे सोडून ही पद्धत पगारदाराच्या घरी आली.

हाच धागा लेव्हिट या बांधकाम व्यावसायिक बंधूंनी उचलला. आल्फ्रेड लेव्हिट याने न्यूयॉर्कजवळ राइटच्या एका घराचे बांधकाम महिनोन्महिने जवळून पाहिले होते. दुसरे महायुद्ध संपले, लाखो सैनिक घरी परतले, घरे मिळेनात. लाँग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिटाउन उभे राहू लागले. तिथल्या नियमांत प्रत्येक घराला तळघर सक्तीचे होते. लेव्हिटांनी सैनिकांचा जोर लावून तो नियम बदलून घेतला, कारण त्यांना घर थेट जमिनीवरच्या काँक्रीट स्लॅबवर बांधायचे होते आणि त्याच स्लॅबमध्ये तांब्याच्या नळ्यांचे वेटोळे घालायचे होते. भरात असताना दिवसाला तीसहून अधिक घरे पुरी होत. १९५१ पर्यंत १७,४४७ घरे झाली. काँक्रीटमधून तापणारी इतकी घरे तोवर एका ठिकाणी कोणी बांधली नव्हती. (गोऱ्यांखेरीज इतरांना घर न देण्याच्या अटीने या वसाहतीचे नाव काळवंडले आहे. तो विषय या लेखाच्या कक्षेबाहेरचा, पण वगळण्याजोगाही नाही.)

लेव्हिटाउनमधूनच पद्धतीची बदनामीही सुरू झाली. काही वर्षांत तांब्याच्या नळ्या गळू लागल्या. स्लॅब थोडा खचला की सांध्यावर ताण येई. कुठे काँक्रीटमधल्या रसायनांनी तांबे खाल्ले. गळती नेमकी कुठे आहे हे कळणे अवघड, आणि कळली तर जमीन फोडल्याखेरीज इलाज नाही. घरोघरच्या मालकांनी स्लॅबमधल्या नळ्यांचे तोंड बंद केले आणि भिंतीच्या कडेने साधे हीटर लावून घेतले. त्या काळच्या अनेक स्लॅबखाली उष्णतारोधक थर नसे, त्यामुळे उष्णतेचा मोठा वाटा खालच्या मातीत जाई. जाड काँक्रीट सावकाश तापते आणि सावकाश निवते. अचानक ऊन पडले तर घर तापून जाई आणि जमीन तासन्‌तास आपली ऊब सोडतच राही. गाडी अंगणात आली तशी अमेरिकेत गरम हवेची यंत्रेही घरात आली, आणि जमिनीतली नळी दोन-तीन दशके विस्मरणात गेली.

युरोपात तक्रार दुसऱ्याच बाजूने आली. युद्धोत्तर इमारतींच्या भिंती आणि खिडक्या उष्णता राखणाऱ्या नव्हत्या. खोली उबदार राहावी म्हणून जमीन फार तापवावी लागे, आणि रहिवासी पाय सुजल्याची, जड झाल्याची तक्रार करीत. यातून संशोधन सुरू झाले. डेन्मार्कमध्ये ओले फँगर यांनी माणसाच्या उष्णतासुखाचे गणित मांडले. त्यांच्याच परंपरेतल्या बियार्ने ओलेसन यांनी पायाला कोणती जमीन किती अंशांना सुखद वाटते, हे माणसांवर प्रयोग करून ठरवले. पायात जोडे असतील तर १९ ते २९ अंश सेल्सिअस ही मर्यादा त्यातून पुढे आली आणि आंतरराष्ट्रीय मानकांत गेली. अनवाणी पायाला लाकूड कमी तापमानालाही चालते. काँक्रीट मात्र सुमारे २६ ते २८ अंश असावे लागते. घरात अनवाणी वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना हे दुसरे कोष्टक लागू.

२९ अंशांची ही मर्यादा कठोर वाटते, पण पद्धतीला शिस्त तिनेच लावली. खोली २० अंशांवर असताना २९ अंशांची जमीन दर चौरस मीटरला साधारण १०० वॉट उष्णता देते, त्याहून जास्त नाही. म्हणजे घराची उष्णता त्याहून अधिक वाया जात असेल, तर दोष जमिनीचा नाही, भिंतींचा आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर युरोपातल्या सरकारांनी भिंती, छपरे, खिडक्या यांचे नियम कडक केले. घरांची गरज खाली आली आणि कोमट जमीन पुरेशी ठरू लागली. पाणी ३० ते ४५ अंशांचे असले तरी भागते, हा तिचा मोठा गुण त्यानंतर लोकांच्या डोळ्यांत भरला. एवढे पाणी सौर तापकातून, उष्णता पंपातून, कारखान्याच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतूनही मिळते. आपल्या अकलोली-गणेशपुरीच्या कुंडांत तानसा नदीकाठी आपोआप वर येणारे पाणी याहून गरम असते.

नळीचा प्रश्न याच सुमारास सुटला. जर्मन संशोधक थॉमस एंगल यांनी १९६० च्या दशकात पॉलिथिनच्या रेणूंना एकमेकांशी जखडण्याची रीत शोधली. स्वीडनमधल्या व्हिर्सबो या १६२० पासूनच्या लोखंडाच्या कारखान्याने १९७२ मध्ये त्या प्लास्टिकच्या, म्हणजे पेक्सच्या, नळ्या काढायला सुरुवात केली. नळी गंजत नाही, वाकते, आणि शंभर मीटरचे वेटोळे अखंड मिळत असल्याने काँक्रीटच्या पोटात एकही सांधा ठेवावा लागत नाही. लेव्हिटाउनचे दुखणे सांध्यांचे होते, सांधाच गेला.

तरी एक संकट शिल्लक होते. पहिल्या पिढीच्या प्लास्टिक नळ्या बसवल्यावर काही वर्षांनी बॉयलर आणि पंप गंजू लागले, नळ्यांत काळा गाळ साठू लागला. नळी शाबूत, पाणी बंद चक्रातले, मग गंज कुठून? तपासाअंती कळले की हवेतला ऑक्सिजन प्लास्टिकच्या भिंतीतून झिरपून पाण्यात जातो आणि चक्रातले लोखंड खातो. जर्मनीने १९८० च्या दशकात मानक ठरवून झिरपणाऱ्या ऑक्सिजनवर मर्यादा घातली, आणि नळीवर ऑक्सिजन अडवणारा पातळ थर येऊ लागला. तेव्हापासून ही तक्रार बरीचशी मिटली आहे. वाटचालीतल्या मोठ्या नावांपेक्षा हा निनावी तपास या पद्धतीला अधिक उपकारक ठरला, असे म्हणावे लागते.

कारागिरांचा वाटा इथे वेगळा सांगायला हवा, कारण ही पद्धत कागदावर जितकी अभियंत्यांची, तितकीच साइटवर फिटर आणि गवंडी यांची आहे. आधी उष्णतारोधक थर, त्यावर प्लास्टिकचा कागद, भिंतीलगत चौफेर मऊ पट्टी, म्हणजे तापल्यावर कोब्याला पसरायला जागा राहते. मग सळईच्या जाळीला किंवा खाचांच्या पाट्याला नळी बांधत जायचे, सहसा १५ ते २० सेंटिमीटरच्या अंतराने. कोबा ओतण्याआधी नळीत पाणी भरून दाब द्यायचा, आणि ओतत असतानाही तो दाब ठेवायचा. फावड्याचा घाव नळीला बसला तर दाबमापकाचा काटा लगेच खाली येतो आणि ओला माल बाजूला सारून दुरुस्ती करता येते. सिमेंटचा कोबा ओतल्यावर युरोपीय मानकाप्रमाणे २१ दिवस गरम पाणी सोडायचे नाही. त्यानंतर तीन दिवस २० ते २५ अंशांचे आणि चार दिवस आराखड्यातल्या कमाल अंशांचे पाणी फिरवायचे. घाई केली की तडे जातात. कोब्यावर पाणी मारण्यात आपल्याकडे जी हयगय होते ती पाहता, या २१ दिवसांचे महत्त्व इथल्या ठेकेदारांना समजावून सांगावे लागेल.

पुढचा टप्पा थंडाव्याचा. जी नळी कोमट पाणी नेते ती गार पाणीही नेते, ही गोष्ट उघड असली तरी ती मोठ्या प्रमाणावर करून दाखवण्याचे श्रेय १९९० च्या दशकात स्वित्झर्लंडला जाते. रॉबर्ट मायरहान्स या स्विस अभियंत्याने मजल्यामजल्यांच्या स्लॅबच्या गाभ्यातच नळ्या घातल्या. रात्री स्लॅब निववायचा, दिवसा त्याने खोलीची उष्णता शोषायची. वास्तुविशारद पीटर त्सुमथोर यांनी ऑस्ट्रियात बांधलेले ब्रेगेंझचे कलासंग्रहालय, जे १९९७ मध्ये उघडले, याच पद्धतीने तापते आणि निवते. दमट प्रदेशातली कसोटी बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळाने २००६ मध्ये दिली. काचेच्या त्या भव्य दालनात जमीन गार ठेवली आहे. गार जमीन एरवी दर चौरस मीटरला ४० वॉटच्या आसपास उष्णता ओढते. थेट ऊन पडलेल्या जमिनीची क्षमता मात्र दुपटीहून वर जाते. काचेतून आलेले ऊन जमिनीवर पडते तिथेच शोषले जाते, हवेला तापवायला ते उरत नाही.

भारतातली नोंद घेण्याजोगी चाचणी इन्फोसिसने केली. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या या कंपनीने हैदराबादजवळच्या पोचारम इथल्या आपल्या नव्या इमारतीचे दोन सारखे भाग केले आणि २०११ पासून ते चालवून पाहिले. एका भागात नेहमीची वातानुकूलन यंत्रणा, तीही कसोशीने आखलेली. दुसऱ्यात स्लॅबमधल्या नळ्यांतून गार पाणी आणि ताज्या हवेची वेगळी सोय. माणसे, काम, हवामान सारखेच. दोन वर्षांच्या मोजणीत नळ्यांच्या भागाला वातानुकूलनासाठी ३४ टक्के कमी वीज लागली, आणि बांधणीचा खर्च नेहमीच्या यंत्रणेपेक्षा किंचित कमीच भरला. कंपनीचे गुरुप्रकाश शास्त्री आणि अमेरिकन अभियंता पीटर रम्सी यांनी ही आकडेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. एका छताखाली, एकाच काळात, दोन्ही पद्धती शेजारी शेजारी मोजण्याची संधी जगातही फार थोड्यांना मिळाली आहे. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीत या पद्धतीला कमी ऊर्जेच्या सुखसोयींच्या यादीत स्थान मिळाले. इन्फोसिसच्या इमारतीत नळ्या छताच्या बाजूने काम करतात, जमिनीच्या नव्हे. पण एकाचे छत ते वरच्याची जमीन, आणि काँक्रीट तेच.

वसई-विरारला ही पद्धत आहे तशी उचलता येणार नाही. कारण दमटपणा. हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर २६ अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी सुटते. पावसाळ्यात मोझॅकच्या लादीला सुटणारी ओल माणिकपूरच्या घराघरांत ओळखीची आहे; गार पाणी फिरवलेल्या जमिनीवर ती पागोळीसारखी सुटेल. म्हणून खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या घरांत ही सोय निरुपयोगी. जिथे दारे बंद असतात आणि हवेतला ओलावा आधी काढून घेता येतो, अशा रुग्णालयांना, कचेऱ्यांना, सभागृहांना ती शोभेल. दिवाणमान, नवघर, माणिकपूर हा भाग २००९ मध्ये महापालिकेत आल्यापासून इथे अशा इमारतींची भर पडतेच आहे. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत प्लास्टिकच्या नळ्या, फिटिंग आणि तापक कॉइल बनवणारे कारखाने आहेत, म्हणजे हात कमी नाहीत. मनाली, लेह, श्रीनगरकडच्या हॉटेलांना आणि रुग्णालयांना लागणाऱ्या तापत्या जमिनींचा माल इथूनही जाऊ शकतो.

इमारत बांधू पाहणाऱ्या संस्थांनी आणि विकासकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वातानुकूलन यंत्र इमारत पुरी झाल्यावरही बसवता येते. नळ्यांचा निर्णय मात्र स्लॅबची सळई बांधली जात असतानाच घ्यावा लागतो. काँक्रीट पडल्यानंतर तो घेता येत नाही.